वॉशिंग मशीनचा कुबट वास: आधी राप, मग क्षार

वॉशिंग मशीनला कुबट वास येऊ लागला की बहुतेक घरांत डिस्केलिंग पावडरचे पाकीट आणले जाते, ते ड्रममध्ये रिकामे केले जाते आणि मशीन एकदा फिरवून घेतले की काम झाले असे मानले जाते. आठ-दहा दिवस बरे जातात आणि वास पुन्हा येतो, कारण डिस्केलिंग पावडर क्षारांसाठी असते आणि क्षारांना वास नसतो. वास येतो तो साबणाचा उरलेला अंश, अंगाचे तेल, कपड्यांचे तंतू आणि कंडिशनरमधले मेणचट पदार्थ साचून तयार झालेल्या बुळबुळीत रापाला. जिवाणू आणि बुरशी त्यातच वाढतात. पाणी जड असेल तर हा राप क्षारांच्या खरखरीत थरावर चिकटून बसतो, आणि वर राप असताना आम्ल घातले तर ते खालच्या क्षारांपर्यंत धड पोहोचतही नाही.

राप बसतो कुठे, हेही आधी लक्षात घ्यावे. कपडे ज्या भोकांच्या स्टीलच्या ड्रममध्ये फिरतात त्याच्या बाहेर आणखी एक टब असतो. पिंपात चाळणी ठेवावी तशी ही रचना असते. आपल्याला दिसते ती चाळणीची आतली बाजू, आणि घाण साचते ती तिच्या पाठीला व पिंपाच्या भिंतीला. त्यामुळे ड्रम चकचकीत दिसतो म्हणून मशीन स्वच्छ आहे, असे समजता येत नाही.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. हाताने काढता येणारी घाण आधी, मग गरम पाण्याने राप, आणि क्षार सर्वांत शेवटी.

टप्पा १: वास मशीनचाच आहे का, हे तपासणे

मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी झाकण उघडावे आणि तीन ठिकाणी वेगवेगळा वास घ्यावा: ड्रममध्ये, साबणाच्या कप्प्यात आणि निचऱ्याचा पाइप जिथे सोडला आहे तिथे.

निचऱ्यापाशी सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर दोष बहुधा मशीनचा नसून गटाराच्या वाटेचा असतो. न्हाणीघरात जाळीखाली जो ट्रॅप असतो, ज्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात थोडे पाणी कायम साठलेले असावे लागते. तेच गटाराचा वायू अडवते. घर काही आठवडे बंद राहिले की हे पाणी आटते. अशा वेळी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतून तासाभराने पुन्हा वास घ्यावा. पाइपचे तोंड गटाराच्या पाण्यात बुडालेले असेल तर ते वर घ्यावे आणि पाइपभोवतीची फट रबरी बुचाने बंद करावी. एवढ्यानेच वास गेला तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

तिसरी शक्यता कपड्यांची. धुऊन वाळलेला टॉवेल कोरडा असताना ठीक वाटतो, पण ओला करताच कुबट येतो, असे होत असेल तर जिवाणू कापडातच मुक्काम करून आहेत. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू कापड वाळल्यानंतरही तग धरतो आणि ओल मिळताच पुन्हा वास निर्माण करतो. अशा घरात मशीन आणि कपडे दोन्ही साफ करावे लागतात, आणि आधी मशीन.

टप्पा २: साहित्य आणि तयारी

रबरी हातमोजे, दोन जुने टूथब्रश, चार-पाच फडकी, एक पसरट ताट किंवा परात, बारीक गाळणी, साधे भांड्यांचे लिक्विड आणि टॉर्च एवढी अवजारे पुरतात. रसायने तीन लागतात, आणि तिघांची कामे निराळी आहेत. रापासाठी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ज्याला ऑक्सिजन ब्लीच म्हणतात ती पांढरी दाणेदार पावडर. रबरावरच्या काळ्या बुरशीसाठी साधे क्लोरीनचे द्रव ब्लीच. क्षारांसाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचे लिंबूफूल, किंवा डिस्केलिंग पावडर. या शेवटच्या दोहोंतले एकच पुरे.

खरेदी करताना नावे नीट वाचावीत. परकार्बोनेट मागितल्यावर दुकानदार पुष्कळदा बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा, नाहीतर कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा पुढे करतो. गरम पाण्यात ऑक्सिजन सोडून राप सुटा करण्याचे काम या दोहोंपैकी एकही करत नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतण्याचा उपायही फार सांगितला जातो. तो फसफसतो, म्हणून प्रभावी वाटतो. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे थोडे मीठ विरघळलेले पाणी उरते.

इशारा: क्लोरीन ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो फुफ्फुसांना इजा करतो. आम्ल म्हणजे केवळ सायट्रिक ॲसिड नव्हे. व्हिनेगर, लिंबाचा रस, टॉयलेट क्लीनर आणि फरशीसाठी वापरले जाणारे ॲसिडही त्यात आले. आपल्याकडे मशीन पुष्कळदा न्हाणीघरातच असते, म्हणून या कामाच्या दिवशी तिथे दुसरे कोणी संडास किंवा फरशी ॲसिडने धूत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. ब्लीच आणि परकार्बोनेट हेही एकत्र करू नयेत. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा सुरू असावा. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर त्यांना त्या वेळी तिथे थांबू देऊ नये.

दिवस शक्यतो उघडिपीचा निवडावा. काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि शेवटी मशीन वाळायला हवे. मुंबई-कोकणातल्या भर जुलैत ते धड वाळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातच हे उरकून घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

टप्पा ३: साबणाचा कप्पा

कप्पा पूर्ण बाहेर ओढावा. बहुतेक मशीनमध्ये कप्प्याच्या मध्यभागी किंवा मागे एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय कप्पा निघत नाही, आणि न दाबता ओढला तर मोडतो. कंडिशनरच्या खणावरचे टोपण वेगळे काढून त्याखालची नळी ब्रशने घासावी. सर्वांत जाड चिकटा तिथेच सापडतो. कप्पा गरम पाण्यात भांड्यांचे लिक्विड घालून अर्धा तास भिजवावा.

कप्पा धुऊन लोक थांबतात, पण त्याची रिकामी खोबण राहूनच जाते. टॉर्च लावून खोबणीच्या छताकडे पाहावे. तिथे पाणी सोडणारी बारीक भोके असतात आणि त्यांच्याभोवती काळे ठिपके दिसतात. प्रत्येक धुण्याचे पाणी याच भोकांतून उतरते, म्हणजे बाकी सारे स्वच्छ केले तरी इथली बुरशी पुन्हा आत जात राहते. ओल्या फडक्याने व ब्रशने हे छत घासावे. पाण्याचा फवारा मारू नये, कारण वरच्या बाजूला विजेचे भाग असतात.

टप्पा ४: निचऱ्याचा फिल्टर

फ्रंट लोड मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान झडप असते आणि तिच्यामागे फिरवून उघडायचे झाकण. प्लग काढावा, पाण्याचा नळ बंद करावा, आणि आधी गरम पाण्यावर मशीन चालवले असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावे. झाकणाशेजारी बारीक रबरी नळी असेल तर तिचे बूच काढून पाणी ताटात उतरवावे. ताट भरले की बूच लावायचे, ओतून यायचे, पुन्हा उघडायचे. नळीतून पाणी येणे थांबल्यावरच झाकण सावकाश फिरवावे; थेट उघडले तर काळपट पाणी फरशीभर होते.

आत नाणी, टाचण्या, ब्लाउजचे हूक, लहान मुलांचे मोजे, कागदाचा लगदा असे काहीही निघते. फिल्टर घासून धुवावा, फडक्याने आतली पोकळी पुसावी आणि पंपाचे पाते बोटाने हलते का ते पाहावे. झाकण लावताना त्याच्या रबरी चकतीवर केस किंवा दोरा राहू देऊ नये.

टॉप लोडमध्ये हे काम टबाच्या भिंतीवरच्या जाळीच्या पिशव्या किंवा प्लॅस्टिकचे लिंट फिल्टर करतात. ते काढून उलटे करून धुवावेत. पिशवी फाटली असेल तर बदलावी, कारण फाटक्या पिशवीतून तंतू थेट टबाच्या मागे जातात.

तपासणी: फ्रंट लोडचा फिल्टर लावल्यावर नळ आणि प्लग सुरू करून एक लहान रिन्स चालवावा आणि झाकणाखाली कोरडे फडके ठेवावे. फडके ओले झाले तर झाकण पुन्हा काढून लावावे. गळती तशीच ठेवून पुढे जाऊ नये.

टप्पा ५: दाराचे रबर

हा टप्पा फक्त फ्रंट लोडसाठी आहे. दाराच्या रबरी कड्याला गॅस्केट म्हणतात. त्याची घडी दोन्ही हातांनी उलगडून खालच्या बाजूला पाहावे. पाणी आणि केस तिथे साठतात, आणि तळाशी निचऱ्याची दोन-तीन बारीक भोके असतात. भोके बुजली असतील तर टूथब्रशने किंवा दात कोरण्याच्या काडीच्या बोथट टोकाने मोकळी करावीत. सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. रबराला चीर गेली की नवे गॅस्केट बसवण्याचा खर्च येतो.

प्रथम भांड्यांच्या लिक्विडने सगळी घडी पुसून घ्यावी. हे न करता ब्लीच लावले तर ते चिकट्यावरच खर्च होते आणि बुरशीपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग थंड पाणी असे मिश्रण करावे, फडक्याच्या पट्ट्या त्यात भिजवून किंचित पिळाव्यात आणि काळे डाग असलेल्या घडीत खोचून ठेवाव्यात. वीस ते तीस मिनिटांनी पट्ट्या काढून साध्या पाण्याच्या फडक्याने तीन-चार वेळा पुसावे. ब्लीचला गरम पाणी लागत नाही. गरम पाण्यात ते लवकर विघटित होते आणि वाफही त्रासदायक होते.

सर्व डाग जातीलच असे नाही. बुरशीचा रंग रबरात मुरला की ती मेल्यानंतरही करडी छटा राहते. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागत नसेल आणि वास येत नसेल तर ती छटा तशीच सोडावी. पुन्हा पुन्हा ब्लीच लावून रबर कडक होते आणि मग दारातून पाणी गळते.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी मशीन एकदा साध्या पाण्यावर रिकामे फिरवावे, म्हणजे ब्लीचचा अंश निघून जाईल.

टप्पा ६: टबामागचा राप

मुख्य काम हे आहे आणि घाई करून सर्वाधिक बिघडते तेही हेच.

*फ्रंट लोड.* सुमारे १०० ते १५० ग्रॅम परकार्बोनेट कप्प्यात न घालता सरळ रिकाम्या ड्रममध्ये घालावे आणि ६० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम लावावा. टब क्लीनचा प्रोग्रॅम असेल तर तोही चालतो. मात्र काही मशीनमध्ये तो थंड पाण्यावरच चालतो, म्हणून वीस मिनिटांनी दाराच्या काचेला हात लावून ती तापली आहे का ते पाहावे. काच गार असेल तर परकार्बोनेट वाया चालले आहे. कॉटनचा प्रोग्रॅम अर्ध्यावर, पाणी तापलेले असताना, पॉज करून तासभर थांबवता आला तर परिणाम पुष्कळ वाढतो.

*टॉप लोड.* यांपैकी पुष्कळ मशीनमध्ये हीटर नसतो, म्हणून गरम पाणी बाहेरून द्यावे लागते. पंधरा लिटरच्या गिझरने टब भरत नाही, हे धरूनच चालावे. बादलीभर गरम पाण्यात १५० ते २०० ग्रॅम पावडर ढवळून विरघळवावी, ती टबात ओतावी, आणखी दोन-तीन बादल्या गरम पाणी घालावे आणि उरलेली पातळी मशीनला नळाच्या पाण्याने भरू द्यावी. पातळी सर्वांत वरची निवडायची, कारण राप सर्वांत जाड असतो तो टबाच्या वरच्या कडेला. गरम पाण्याची मर्यादा मशीनच्या पुस्तिकेत पाहावी, आणि पुस्तिका हाताशी नसेल तर टबातले पाणी ५० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. उकळते पाणी प्लॅस्टिकला आणि सीलला सोसत नाही. ओल्या फरशीवरून बादल्या नेताना मुलांना दूर ठेवावे.

पाच-दहा मिनिटे फिरवून पॉज करावे आणि तासभर सोडावे. पॉजवर ठेवलेली काही मशीन थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. त्याने बिघडत नाही, पाणी तेवढे टबात राहायला हवे. झाकण उघडल्यावर पृष्ठभागावर तपकिरी-काळे पापुद्रे तरंगताना दिसतील: पातळ, लिबलिबीत, नखाएवढे, काही त्याहून मोठे. ते आता निचऱ्यावर सोडू नयेत. पाणी उतरले की हेच पापुद्रे ड्रमच्या भोकांत अडकतात आणि पुढच्या धुण्यात पांढऱ्या शर्टावर उतरतात. गाळणीने ते काढत राहावे, मशीन पुन्हा दोन मिनिटे फिरवावे, वर आलेले पुन्हा काढावे. पापुद्रे येणे जवळजवळ थांबले की मगच पाणी सोडावे. कित्येक वर्षे साफ न केलेल्या मशीनला हे सर्व दोनदा करावे लागते.

*सेमी ऑटोमॅटिक.* धुण्याच्या टबाला वरचीच रीत लागू पडते; निचऱ्याचे बटण बंद आहे ना, एवढे पाहावे. पिळण्याच्या टबात पाणी भरून ठेवता येत नाही, म्हणून तेच गरम द्रावण मगाने त्याच्या कडेने सावकाश सोडावे, दहा मिनिटे थांबावे आणि रिकामे फिरवावे. असे तीन-चार वेळा करावे.

इशारा: द्रावण रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह टाळावा. फ्रंट लोडच्या ड्रममागे त्याला धरून ठेवणारा तीन बाहूंचा आधार असतो, आणि तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तीव्र अल्कली, क्लोरीन आणि आम्ल या तिन्हींनी तो झिजतो. तो तुटला तर ड्रमच बदलावा लागतो. एक-दोन तास पुरेत. कॉस्टिक सोडा किंवा नाल्या मोकळ्या करण्याची पावडर तर मशीनमध्ये कधीच घालू नये.

काम झाल्यावर एक रिकामा रिन्स, आणि मग टप्पा ४ मधला फिल्टर पुन्हा उघडून पाहावा. सुटलेला राप तिथे येऊन थांबलेला असतो. तो तसाच राहिला तर दोन दिवसांत वास परत येतो आणि दोष परकार्बोनेटला दिला जातो.

टप्पा ७: क्षार, असतील तर

मुंबईला मिळणारे तलावांचे पाणी मृदू असते. तिथे दरमहा डिस्केलिंग करणे हा निव्वळ खर्च आहे. पुण्याच्या उपनगरांतल्या, बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. नळाच्या तोंडावर पांढरे कवच चढत असेल, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटत असेल, तर मशीनमध्येही तेच होत आहे असे समजावे.

१०० ते १५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड ड्रममध्ये घालून ४० ते ६० अंशांवर मशीन रिकामे चालवावे. ९० अंशांवर जाऊ नये. फार गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका तयार होतो आणि एका थराच्या जागी दुसरा बसतो. डिस्केलिंग पावडर वापरायची असेल तर पाकिटावरचे प्रमाण पाळावे. त्यानंतर दोन रिन्स.

टप्पा ८: वाळवणे आणि निकाल पाहणे

दार, कप्पा आणि झाकण उघडे ठेवून पंख्याचा झोत सोडावा. गॅस्केटची घडी कोरड्या फडक्याने पुसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा सुती रुमाल ओला करून साबणाशिवाय लहान प्रोग्रॅमवर एकटाच फिरवावा. रुमालावर काळे कण दिसले तर टप्पा ६ पुन्हा. कण नाहीत पण वास आहे, तर कप्प्याची खोबण आणि फिल्टर पुन्हा तपासावेत.

मशीन स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावर कुबट टॉवेल आणि चादरी धुवाव्यात. रंग टिकणारे सुती कपडे ६० अंशांवर किंवा परकार्बोनेटच्या गरम पाण्यात तासभर भिजवून धुवावेत. रेशीम आणि लोकर यांना हा प्रयोग करू नये.

पुन्हा राप बसू नये म्हणून

साबण कमी करणे ही यातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. जो साबण खळबळून निघत नाही तो राप होतो. हाताने धुण्याची फेसाळ पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नये. कायम लिक्विड वापरणाऱ्यांनी अधूनमधून पावडरचे धुणे करावे, कारण पुष्कळ पावडरींत ऑक्सिजन ब्लीच असते आणि लिक्विडमध्ये सहसा नसते. कंडिशनर टॉवेलांना लावूच नये. त्याने टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि मेणचट थर मशीनमध्येही बसतो.

सगळी धुणी थंड पाण्याच्या पंधरा मिनिटांच्या प्रोग्रॅमवर होत असतील तर महिन्यातून एकदा तरी ६० अंशांचे धुणे लावावे. मशीनचा उपयोग मळक्या कपड्यांच्या टोपलीसारखा करू नये, विशेषतः पावसात भिजून आलेल्या कपड्यांसाठी. धुणे संपल्यावर कपडे लगेच काढावेत आणि दार चार बोटे उघडे ठेवावे. घरात लहान मूल असेल तर मात्र दार पूर्ण वाळेपर्यंतच आणि कोणीतरी समोर असतानाच उघडे ठेवावे. मुले ड्रममध्ये शिरतात आणि दार आतून उघडत नाही.

तंत्रज्ञाला केव्हा बोलवावे

सारे टप्पे दोनदा करूनही काळे कण येत राहिले, पिळताना ड्रम खडखडू लागला, किंवा जळाल्यासारखा वास येऊ लागला, तर घरगुती सफाई थांबवावी. जळका वास पट्ट्याचा किंवा मोटरचा असतो. प्लग काढून मशीन बंदच ठेवावे. बोलावताना "टब उघडून सफाई" हवी असल्याचे स्पष्ट सांगावे आणि त्यात ड्रम बाहेर काढला जाणार आहे का, हे विचारावे. उत्तर "पावडर टाकून फिरवून देतो" असे आले तर ते काम आपले टप्पा ६ आणि ७ मध्ये करून झालेले आहे. त्याचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही. वॉरंटीत असलेल्या मशीनचे स्क्रू बाहेरच्या माणसाकडून उघडवू नयेत.